एका पानात विद्यापीठ

३ फेब्रुवारी

आज कुलगुरूंनी बोलावलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. पाचावर धारण बसली. मला वाटलं, ओलाव्याची तक्रार पुन्हा वर गेली. आमचा शेवाळ विभाग. तिथे ओलावा नसेल तर काय असेल, हे दर नव्या अभियंत्याला नव्याने समजावून द्यावं लागतं. तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली पाठवतो.

पण तसलं काही नव्हतं. मार्चअखेर मूल्यमापन समिती येणार आहे. तिच्या हातात ठेवायला विद्यापीठाची ओळख हवी. एका पानात. कुलगुरू म्हणाले, "तुमची भाषा उत्तम आहे असं ऐकतो." कुणाकडून ऐकता, असं मी विचारलं नाही. असल्या बातमीची खातरजमा करू नये.

बाहेर कुलसचिव भेटले. यांना सगळे 'हो-बघू' म्हणतात, कारण अर्ज कसलाही असो, उत्तर तेवढंच. आज मात्र चक्क खांद्यावर हात टाकला. "जनसंपर्क संचालकाची जागा रिकामी आहे बरं का. पान झकास उतरलं की पुढचं आपण बघू." मी म्हटलं, छे हो, मला कसला आलाय पदांचा सोस! आणि घरी येईपर्यंत दुसरा विचार केला नाही.

घरी सांगितलं. ही विद्यापीठाच्याच ग्रंथालयात नोकरीला आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या कुठल्याही बातमीने हुरळून जात नाही. "बरं," म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. आई मात्र उठून बसली. "केबिन देणार का रे? दारावर नाव?" आईला मी आजवर काय शिकवतो ते कळलेलं नाही. केबिन कळते.

५ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकही त्याच. मला लिहायला, बघायला, आणि बघितलं नसेल तर लिहायचं नाही हे त्यांनीच शिकवलं. सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "एका पानात? अरे, आपली मागची भिंत एका पानात मावत नाही."

ही भिंत म्हणजे आमच्या विभागाचं सर्वस्व. इमारतीची उत्तरेकडची, कायम सावलीतली. बाईंनी तरुणपणी तिच्यावर चौकोन आखले आणि कुठलं शेवाळ कुणाच्या जागेवर कसं सरकतं याच्या नोंदी सुरू केल्या. त्या अजून चालू आहेत. सध्या एक विद्यार्थिनी ते काम करते. पोरगी भिंग घेऊन दिवसभर भिंतीला नाक लावून उभी असते, म्हणून साऱ्या आवारात तिचं नाव 'भिंतवाली' पडलंय. अजून एक हिवाळा तिला बघायचा आहे, मग प्रबंध पुरा. जगात एवढी सलग बघितलेली शेवाळाची भिंत दुसरी नसावी. आवारातल्या लोकांच्या मते ती रंगवायची राहून गेलेली भिंत आहे.

१० फेब्रुवारी

पान लिहायचं तर आवार बघायला हवं, म्हणून आज चालत निघालो. इथे आयुष्य गेलं, पण माझं विद्यापीठ म्हणजे विभाग, उपाहारगृह आणि पगाराची खिडकी.

मुख्य दरवाजापाशी पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, रोज बघतोस की मला. तो म्हणाला, "म्हणून तर विचारतोय साहेब, अनोळखी माणसाला विचारायची भीती वाटते." पुढे प्रशासकीय इमारत. संगमरवरी जिना, झुंबर, आणि झुंबराखाली अर्ज घेऊन ताटकळणारी मुलं. तिच्या मागे भौतिकशास्त्र. तिथे विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन चालतं आणि पंख्याची दुरुस्ती खोळंबलेली असते. रसायनशास्त्राचा वास आधी येतो, इमारत नंतर. तत्त्वज्ञान विभागाला कुलूप होतं. दारावर 'आत्ता येतो' अशी पाटी होती आणि पाटीवर धूळ.

व्यवस्थापन विभाग नवा, काचेचा. आत गेलं की थंडगार. तिथल्या प्राध्यापकाने मला पाणी, कॉफी आणि आपलं छापील चरित्र दिलं. वसतिगृहात मुलींनी घेरलं. "सर, लिहा ना, आंघोळीला गरम पाणी येत नाही." मी म्हटलं, ही ओळख आहे गं, तक्रारवही नव्हे. एक जण म्हणाली, "मग ओळख कोणाशी करून देताय?"  चटचट बोलतात आजकालच्या मुली.

येताना ग्रंथालयात डोकावलो. एवढी पुस्तकं, एवढी शांतता, आणि खिडकीशी एक म्हातारे निवृत्त प्राध्यापक पेपरावर डोकं टेकून झोपलेले. ही म्हणाली, रोज येतात, घरी झोप लागत नाही त्यांना. खरं सांगतो, त्या वेळी हे सगळं लटांबर मला एकदम आपलं वाटलं. पानात ते बसणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१७ फेब्रुवारी

बातमी फुटली. मी पान लिहितोय हे कळल्यापासून माझे दिवस पालटले. ज्यांनी मला आजवर लिफ्टमध्येही जागा दिली नाही ते चहा पाजायला लागले. प्रत्येकाला आपला विभाग पहिल्या ओळीत हवा. गणितवाले म्हणतात, आमच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. इतिहासवाले म्हणतात, आम्ही सगळ्यांत जुने. व्यवस्थापनवाल्याने तर आपल्या विभागाचा परिच्छेद तयारच पाठवला. त्यात 'जागतिक' हा शब्द प्रत्येक वाक्यात आहे, एकात दोनदा.

शिवाय कुलगुरूंचा परिच्छेद आहेच. तो वरून आला. 'दूरदर्शी नेतृत्व' असं त्याचं शीर्षक. चांगला ऐसपैस आहे. त्याला हात लावायचा नाही, असं हो-बघूंनी सांगितलंय. या एका बाबतीत ते 'बघू' म्हणाले नाहीत.

२१ फेब्रुवारी

सुटलं! दोन दिवस डोकं पिकलं होतं. सगळी नावं घातली की पान उतू जातं. आज दुपारी एकदम सुचलं. मोठे विभाग नावानिशी द्यायचे आणि उरलेल्या चिल्लर विभागांना शेवटी एका 'इत्यादी'त बसवायचं. प्राचीन लिपी, भूकंपमापन, लोकगीतं, असे बरेच आहेत. चार माणसं आणि एक कपाट असलेले.

आमचा विभागही त्यातच टाकला. टाकावाच लागला. स्वतःच्या विभागाचं घोडं पुढे दामटलं असतं तर तोंडं उघडायला लोक टपलेलेच आहेत. आता म्हणावं कुणी मला पक्षपाती! माणसाने निःस्पृह असावं ते असं. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की उपाहारगृहात जाऊन स्वतःच्या पैशाने कॉफी प्यायलो.

२२ फेब्रुवारी

हिला पान वाचून दाखवलं. नीट ऐकलं. मग म्हणाली, "शेवाळ कुठंय?"

मी 'इत्यादी'वर बोट ठेवलं आणि निःस्पृहपणा समजावून सांगितला.  "बाईंना दाखवलंत?"

"छापून आलं की दाखवीन. आश्चर्याचा धक्का."

"धक्का बसेल खरा," म्हणाली आणि आईची औषधं द्यायला उठली. हिला माझ्या लेखनाचं कौतुक म्हणून नाही. घर की मुर्गी वगैरे.

२८ फेब्रुवारी

कुलगुरू बेहद्द खूश. सभेत पान हातात धरून म्हणाले, "याला म्हणतात ओळख. कुठे फाफटपसारा नाही." टाळ्या पडल्या. ज्यांची नावं आली त्यांनी वाजवल्या. 'इत्यादी'तल्या कुणाला सभेला बोलावलंच नव्हतं, बाईंनासुद्धा नाही. प्रमुख म्हणून बोलवायला हवं होतं खरं. गडबडीत राहिलं असेल.

हो-बघू बाहेर पडताना डोळा मिचकावून गेले. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे कळतं की मला. पण वरून नजारा छान दिसतो.

५ मार्च

पान संकेतस्थळावर लागलं. भिंतवाली विचारायला आली. "सर, आपला विभाग सापडत नाहीये."

मी तिलाही सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आपल्यातले म्हणून आपलं नाव नाही?" मी म्हटलं, तसं नव्हे गं, तू लहान आहेस, हळूहळू कळेल. ती भिंग घेऊन भिंतीकडे गेली.

बाईंनीही वाचलं असणार. काही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र माझ्या टेबलावर स्वतःची जुनी शाईची दौत आणून ठेवली. "संचालकांना सह्या बऱ्याच कराव्या लागतात. तुझी जागा होईल असं ऐकलंय. मीही कुलसचिवांकडे तुझ्याबद्दल चांगलं बोलून आले." मला भरून आलं. गुरू असावा तर असा. काही मनात ठेवत नाहीत.

२६ मार्च

समिती आली. आमच्याकडे समितीची एक जुनी रीत आहे. नव्या खुर्च्या आणि मोठ्या कुंड्या एकाच संचाच्या. समिती एका विभागात चहा घेऊन उठली की मागच्या जिन्याने त्या पुढच्या विभागात जातात. समिती पुढे निघाली की ह्या तिच्या पुढे. शिपाई, लिपिक, संशोधक विद्यार्थी सगळे हमाल. मी समितीला घेऊन हळूहळू चालत होतो. कुंड्या पोचल्याची खूण मिळेपर्यंत मला वाटेतल्या झाडांची माहिती सांगायची होती. एका झाडाची तीनदा सांगितली. समितीतल्या बाई तिसऱ्या विभागात एका कुंडीपुढे थांबून म्हणाल्या, "या ताई आपल्याला सगळीकडे भेटतायत." सगळे हसले. आम्ही जास्त जोरात हसलो.

समितीने माझं पानच हातात धरलं होतं. वाचायचे, खूण करायचे, पुढे. किती अभिमान वाटला मला! नावं संपली, समिती संपली, गाड्या सुटल्या.

सगळं आवरून विभागात गेलो तर दारात बाई. इस्त्रीचा पांढरा कोट. टेबलावर शेवाळाच्या काचपट्ट्या मांडलेल्या, पांढऱ्या कापडाने झाकलेल्या. भिंतवालीने भिंतीपाशी दोरी लावून समितीला उभं राहायला जागा केली होती. माझं मला माहीत होतं समिती इकडे येणार नाही ते. पण हे लोक तयार होऊन बसतील हे डोक्यातच आलं नाही.

बाई म्हणाल्या, "गेले का? बरं." आणि काचपट्ट्या एकेक करून डब्यात ठेवायला लागल्या. मी मदत केली. पोरगी दोरी गुंडाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

१५ एप्रिल

अहवाल आला. विद्यापीठाला वरची श्रेणी! ढोल बडवायचेच काय ते बाकी होते. पानाचा खास उल्लेख आहे: 'संस्थेचं इतकं नेमकं आत्मज्ञान क्वचित आढळतं.' आत्मज्ञान! मी ते वाक्य आईला दोनदा वाचून दाखवलं.

खाली शिफारस आहे. संस्थेने स्वतःच ज्यांना नावाने उल्लेखण्याजोगं मानलं नाही, असे विभाग बंद करून एका सामायिक केंद्रात विलीन करावेत. जागा मोकळ्या होतील.

मी ते पुन्हा वाचलं. मग हो-बघूंकडे गेलो. ते आनंदात होते. "तुमच्या इमारतीच्या जागी वाहनतळ. गाड्या लावायची केवढी बोंब आहे! पंचवीस तारखेला विद्वत् परिषदेत पानाची अंतिम प्रत मंजूर होईल, मग त्याप्रमाणे सगळं. अंतिम प्रत तुम्हीच द्यायचीय. तुमच्या नेमणुकीचाही विषय त्याच दिवशी घेतोय."

"आणि भिंत?" मी विचारलं.

"कसली भिंत?"

१७ एप्रिल

भिंतवाली आज भिंतीपाशी नव्हती. पायरीवर बसली होती. अहवाल आवारभर झालाय. म्हणाली, "सर, सामायिक केंद्रात भिंत नेता येईल का?" थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती. तिचं सगळं काम त्या भिंतीवर आहे. वडिलांनी लग्नाचं टुमणं लावलंय, प्रबंध होईपर्यंत थांबा म्हणून तिने हट्टाने अडवून धरलंय त्यांना. हेही आजच कळलं. इतकी वर्षं शेजारी काम करते, मी कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "बघू." माझ्या तोंडून 'बघू' निघालं. शिसारी आली स्वतःची.

२० एप्रिल

आज हिच्याशी बोललो. सगळं सांगितलं. नावं परत घालायची म्हटली तर पान उतू जातं. दुसरं पान जोडता येत नाही, एकाच पानाचा ठराव आहे. दुसरा कुठलाही विभाग काढला तर तो मरतो. हलवता येण्याजोगा एकच परिच्छेद आहे आणि त्याला हात लावला की माझी केबिन गेली.

"मग?" ही म्हणाली.

"मग काय? एका भिंतीसाठी कुणी आयुष्याची संधी घालवतं का?"

"नाही घालवत कुणी," म्हणाली. तिने वाद घालायला हवा होता. वाद घातला असता तर मला हट्टाने नाही म्हणता आलं असतं. या बायका अशा वेळी बरोबर गप्प बसतात.

२४ एप्रिल

केलं. कुलगुरूंचा परिच्छेद काढला. त्या जागेत 'इत्यादी'तले सगळे विभाग नावानिशी बसले, प्राचीन लिपीपासून शेवाळापर्यंत, आणि वर दोन ओळी उरल्या. दूरदृष्टी जागा फार खाते.

त्या दोन ओळींत वसतिगृहात गरम पाणी नाही हे घातलं. मग खोडलं. एका वेळी एकच आत्महत्या पुरे.  मला खरंच फार भीती वाटतेय.

२५ एप्रिल

विद्वत् परिषद. मी दाराजवळचीच खुर्ची धरली होती. पण एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्या परिषदेत आधी मंजूर करतात, मग वाचतात. वाचतात म्हणजे, वाचलं तर. हो-बघूंनी "पानाची अंतिम प्रत" म्हणायचा अवकाश, साऱ्यांनी बाकं वाजवली. एकमताने मंजूर. पुढचा विषय, वाहनतळ, तो 'विलीन होणाऱ्या विभागांच्या' जागेवर होता. भूगोलवाल्यांनी विचारलं, विलीन होणारे विभाग कोणते? हो-बघू म्हणाले, मंजूर पानावर नाव नसलेले. बघितलं तर सगळ्यांचीच नावं! विषय बारगळला. गाड्यांची बोंब कायम राहिली.

मग कुलगुरूंनी पान हातात घेतलं. आपला परिच्छेद शोधला. पुन्हा वरून शोधला. पान उलटून मागे बघितलं. मागे कोरं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पान पालथं ठेवलं. मंजूर ठराव फिरवायचा तर सगळ्यांसमोर सांगायला हवं, की यात माझी स्तुती राहिली. तेवढी लाज त्यांना आहे, हे कळून बरं वाटलं.

माझ्या नेमणुकीचा विषय निघालाच नाही. चहाच्या वेळी कळलं, संचालकपद व्यवस्थापनवाल्याला. 'जागतिक'वाल्याला! हो-बघू माझ्या शेजारून गेले, ओळख न दाखवता.

२६ एप्रिल

सकाळी धावतच विभागात गेलो. भिंतवाली भिंतीला नाक लावून उभी होती. मला बघून नुसती हसली आणि पुन्हा कामाला लागली. तेवढंच पुरलं मला. आत बाईंना सगळं सांगितलं, अगदी कुलगुरूंनी पान उलटलं त्या अभिनयासकट. बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तू परत नाव घालशील."

"म्हणजे?"

"काढलंस तेव्हा म्हटलं, असू दे. मुलगा वर जातोय. वर जाताना ओली भिंत कशाला सांगेल कुणाला? म्हणून काही बोलले नाही."

"बाई, मी मुद्दाम नव्हतं काढलं! पक्षपात दिसू नये म्हणून..."

"असं होय?" म्हणाल्या. अगदी मायेने. लहान मुलाने 'दूध मांजरीने सांडलं' म्हणून सांगितलं की म्हणतो ना आपण, तसं.

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. म्हटलं, बघ, बाईंना माझ्याबद्दल असं वाटावं! ही वाळलेले कपडे घडी करत होती. म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता. आणि बोलून काय, तुम्ही निःस्पृहपणाच सांगितला असता."

चिडलो. तरातरा बाहेर पडलो, आवाराला एक चक्कर मारून आलो. त्या दुपारी 'इत्यादी' लिहिताना माझ्या मनात काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला. निःपक्षपातीपणा होता, शपथेवर सांगतो. शेवाळवाला म्हणून ओळख नको, असंही होतं का? संचालक झाल्यावर कुणी विचारलं असतं, आधी कुठे होतात, तर मी काय सांगितलं असतं? 

मला लबाड धरून बाईंनी माझी शिफारस केली, दौत दिली. मला लबाड धरून हिने रोज डबा भरला. दोघींपैकी एकीनेही तोंड फिरवलं नाही. त्यांच्या लेखी मी सज्जन असतो तर इतकी लाज वाटली नसती.